आईच्या खोलीची वायर

गौरेशला कोणी तोंडावर मत्सरी म्हटलं असतं, तर त्याला मनापासून वाईट वाटलं असतं. वाड्यावर त्याचं नाव चांगलं होतं. कुणाचा टीव्ही अडला, कुणाचा वायफायचा डबा मुका झाला, की हाक गौरेशला. आणि हा गडी भरल्या ताटावरून उठून जाणार. शेजारच्या बाबलीच्या दुकानात पैसे फोनवरून घ्यायची सोय ह्यानेच करून दिली होती, आणि त्याबद्दल कधी चहाशिवाय काही घेतलं नव्हतं. तेव्हा जगावर जळणारा माणूस हा नव्हे. तो जळायचा एकट्यावरच, आणि तो एकटा म्हणजे त्याचा सख्खा धाकटा भाऊ शंभू.

हे दुखणं जुनं होतं. वडील पांडुरंग डिचोलीच्या खाणींवर खनिजाचा ट्रक चालवायचे आणि आठवड्याने पेडण्याला घरी यायचे. त्यांनी आणलेल्या खाऊचा मोठा वाटा शंभूला, कारण शंभू अशक्त. नवी चादर शंभूला, कारण त्याला थंडी बाधते. गौरेशने तोंड वाकडं केलं की आई कमलाक्षी म्हणायची, ‘‘तू शाणो मरे माजो. तुका समाजता.’’ ह्या एका वाक्याने तिने थोरल्याला आयुष्यभर गप्प बसवलं. शहाणा म्हटल्यावर रडायची सोयच राहत नाही! गौरेशने डिप्लोमा केला, तुयेच्या औद्योगिक वसाहतीत औषधाच्या बाटल्या भरणाऱ्या कारखान्यात लागला, घराचं छप्पर बदललं, वडिलांचं शेवटचं आजारपण काढलं. शंभू बारावीला दोनदा आपटला, मग वडील पोर्तुगीज अमदानीत जन्मलेले म्हणून मिळणारा पोर्तुगालचा पासपोर्ट करून इंग्लंडात गेला आणि तिथल्या एका गोदामात खोकी उचलू लागला. आता सांगा, आईच्या तोंडी दिवसभर कोणाचं नाव असावं?

कारखान्यात गौरेशकडे सगळ्या नेटवर्कचं काम होतं. बाटल्या भरणारी यंत्रं, गेटवरचे कॅमेरे, साहेबांचे फोन, ऑफिसातल्या संगणकांच्या फायली, हे सगळं भिंतीवरच्या लोखंडी कपाटातल्या स्विचमधून जातं. स्विच म्हणजे पुष्कळ वायरींचा एक तिठा. वाट मोकळी असते तोवर सगळेच सुखाने जातात. गर्दी झाली की प्रश्न येतो, आधी कोण? मग वायरीतून जाणाऱ्या माहितीच्या प्रत्येक पुडक्यावर नंबर मारायचा. यंत्राचा हुकूम सगळ्यांच्या पुढे, त्यामागे बोलणं, मग कॅमेरे, आणि फायली आपल्या शेवटी. फाईल चार क्षण उशिरा पोचली तर बिघडत नाही, पण बोलणं तुटलं तर माणूस चिडतो. एवढ्यानेही भागलं नाही तर एखाद्या वायरीवर मर्यादा घालायची, की ह्या दारातून दर सेकंदाला इतकंच जाईल. त्यावर जे येईल ते स्विच सरळ टाकून देतो. कोणाला विचारत नाही, कोणाला सांगतही नाही.

ह्या कामात गौरेशचा हात चांगला होता, आणि त्याचं एक कारण सांगण्यासारखं आहे. पुढच्या रांगेला सगळा मान दिला की मागची रांग उपाशी राहते, ही गोष्ट त्याला कोणी शिकवावी लागली नाही. बसवायला आलेल्या कंपनीच्या माणसाने यंत्रांना आणि फोनना इतकं पुढे काढलं होतं की गर्दीच्या वेळी ऑफिसच्या फायली ताटकळत मरायच्या. गौरेशने त्या शेवटच्या रांगेलाही थोडा वाटा बांधून दिला. थोडाच, पण हक्काचा. साहेब म्हणाले, वा! गौरेश मनात म्हणाला, आमच्या घरात असा एखादा गौरेश पाहिजे होता.

घरीही त्याने असाच एक स्विच बसवला होता. कारखान्याने जुना म्हणून काढून टाकलेला, आठ दारांचा. त्यातली एक वायर बाबलीच्या दुकानाला, एक त्याच्या आणि बायको सुविधाच्या खोलीला, आणि एक आईच्या खोलीतल्या वायफायच्या डब्याला. शंभूचा फोन रोज संध्याकाळी यायचा, तिकडे त्याची जेवणाची सुट्टी असायची तेव्हा. नेमका त्याच वेळी बाबलीचा भाचा दुकानात बसून गेम खेळायचा, आणि बोलणं तुटायचं. आईचा चेहरा उतरलेला गौरेशला बघवेना. म्हणून आईच्या खोलीची वायर सगळ्यांच्या पुढे काढली ती गौरेशनेच, स्वतःच्या हाताने. शंभूचा चेहरा आरशासारखा लख्ख दिसू लागला. आई खूश झाली आणि म्हणाली, ‘‘शंभून बरो फोन घेतल्यान वाटता.’’

ते ऐकून गौरेशने मान डोलावली. शहाणाच तो.

रोज संध्याकाळी तो कामावरून यायचा तेव्हा आई जनेलाजवळच्या कदेरीवर, म्हणजे खिडकीजवळच्या खुर्चीवर, फोन धरून बसलेली असायची. गौरेश चपला काढायचा, हातपाय धुवायचा, उंडो, म्हणजे गोल पाव, चहात बुडवून खायचा. आई मान वर करायची नाही. शंभू तिकडे गोदामाच्या पायरीवर सँडविच खातोय, आणि इकडे आई त्याला विचारतेय, ‘‘आणि एक खा मरे, इतक्यान काय जाता?’’ हजारो मैलांवरच्या माणसाला आग्रह! गौरेशच्या पुढ्यातला उंडो संपला की नाही हे तिने एकदाही पाहिलं नाही. त्याचा नुसता जळफळाट व्हायचा. सुविधाला सांगावं तर ती हसायची. ‘‘लहान पोर असल्यासारखे काय करता?’’ म्हणायची. तिला तीन बहिणी होत्या, आणि चौघीही आईच्या सारख्याच शिव्या खात वाढल्या होत्या. तिला काय कळणार?

मग चवथ आली. गणपतीच्या वर टांगलेल्या लाकडी चौकटीला माटोळी बांधायची म्हणजे रानातली फळं, पानं, वेली हुडकून आणायच्या. पेडण्यात ह्याचा मोठा तोरा असतो, कोणाच्या माटोळीला काय काय लागलं ते लोक घरोघर फिरून बघतात. गौरेशने दोन दिवस रजा टाकली, काटे लागून हात फोडून घेतले, कांगणं आणली, माटूल आणलं, आणि कोणाच्या माटोळीला नसेल असा नारळांचा अख्खा घोस वर चढवला. आई येऊन खाली उभी राहिली. गौरेश शिडीवरून तिच्या तोंडाकडे बघत होता. तिने आधी फोन काढला.

‘‘शंभू, बघ रे, माटोळी बघ कशी दिसता! तू आसतंस तर आणखी बरी झाली आसती.’’

शिडीवर उभ्या माणसाने काय करावं? उतरावं. गौरेश उतरला, पाट मांडले, आरतीत सगळ्यांच्या वरचा सूर लावला, आणि पाहुणे गेल्यावर त्या संध्याकाळी पहिल्यांदा स्वतःच्या फोनवर घरच्या स्विचचं पान उघडलं ते वाईट हेतूने.

मर्यादा दोन्ही दिशांना वेगवेगळी घालता येते. त्याने बेताने काम केलं. आईच्या खोलीतून बाहेर जाणारी वाट मोकळी ठेवली, म्हणजे शंभूला आई नीट दिसेल आणि तो कुरकुर करणार नाही. खोलीत येणारी वाट मात्र इतकी आवळली की आवाज तेवढा जेमतेम आत यावा. असल्या वेळी फोनच चित्राचा बळी देतो आणि बोलणं वाचवतो, हे त्याला ठाऊक होतं. शंभूचं बोलणं ऐकू दे तिला, पण तोंड नको. असं त्याने मनाशी म्हटलं, आणि फार दिवसांनी त्याला शांत झोप लागली.

दुसऱ्या दिवशी शंभू चौकटी-चौकटींचा झाला. कधी तोंड उघडं ठेवून थिजायचा, कधी डोळे एका जागी आणि हनुवटी भलतीकडे. आईने फोन पदराने पुसला, उजेडाकडे धरला, लांब नेला.

‘‘गौरेशा, नेट बिघाडलां काय रे?’’

‘‘नाय गे आये. नेट बरां आसा.’’

आईने शंभूलाही विचारलं. तो म्हणाला, ‘‘माका तर तू एकदम बरी दिसतंस आये.’’ त्यावर आईने फोन आणखी एकदा लांब धरून बघितला आणि ठेवून दिला.

आणि मग गौरेशचे दिवस पालटले. शंभूचे फोन लवकर संपू लागले. ‘‘हां रे, बरां, फाल्यां बोलूया,’’ असं उद्यावर टाकून आई फोन खाली ठेवायची आणि स्वयंपाकघरात येऊन गौरेशच्या समोर बसायची. त्याच्याकडे टक लावून बघायची. वर्तमानपत्र वाचून दाखव म्हणायची. अंगणात उतरताना त्याचा दंड धरायची, आणि धरलेला दंड देवळापर्यंत सोडायची नाही. एकदा तर तिने त्याचं तोंड दोन्ही हातांत घेतलं आणि म्हणाली, ‘‘अगदी बापायसारको झालंस तू.’’ एवढ्या वयाच्या बाप्याला हुंदका येऊ पाहत होता. गौरेशला वाटलं, एवढंच तर पाहिजे होतं आपल्याला. शंभूला थोडं मागे सारलं, आणि आपली रांग पुढे आली. चुकलं कुठे? कारखान्यात ह्याच कामाचा पगार मिळतो! सुविधा एकदा म्हणाली, ‘‘आई हल्ली गप्प गप्प असतात, बघितलंत?’’ गौरेशला तो तिचा हेवा वाटला. आई माझ्याशी बोलते म्हणून हिला खुपतं, असं त्याने मनात ठरवून टाकलं. जळक्या माणसाला बाकीचे सगळेही जळकेच दिसतात.

एका रविवारी आई म्हणाली, ‘‘माका नार्व्याक व्हर. माहेरच्या देवीक जावचां आसा.’’ शंभूला नव्हे, सुविधालाही नव्हे, त्याला एकट्याला. गौरेशने स्कूटर धुतली. पेडण्याहून नार्वे म्हणजे बरीच दौड, पण सगळ्या वाटेवर आईचे दोन्ही हात त्याच्या कमरेला होते. तो मुद्दाम हळू चालवत होता. डिचोलीच्या बाजारात थांबून त्याने तिला फुलं घेऊन दिली, सोडा पाजला. हा रस्ता संपू नये असं त्याला वाटत होतं.

देवळात गुरवाने देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावल्या, काही उजवीकडे, काही डावीकडे. काही मोठं ठरवायचं असलं की इकडची माणसं असा प्रसाद लावतात आणि देवाचा कौल घेतात. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नको. गौरेशला वाटलं, घराबिराचं काही विचारत असेल. तो हात जोडून मागे उभा राहिला. गुरवाने खड्या आवाजात गाऱ्हाणं घातलं.

‘‘आई माउली, तुजी माहेरवाशीण कमलाक्षी तुज्या दारात उबी आसा. तिचे डोळे उणे होत चालले. तिच्या आयेचे डोळे असेच गेले. पोटच्या पोराचां तोंड तिका दिसत नाय. डोळ्यांची शस्त्रक्रिया करून तिका गुण येवचो आसलो, तर उजवी दी!’’

गौरेशचे जोडलेले हात खाली आले. दंड धरणं, टक लावून बघणं, तोंड हातांत घेणं, सगळं एकदम त्याच्या ध्यानात आलं. ती माया नव्हती, किंवा नुसती माया नव्हती. आंधळी होणार ह्या भयाने म्हातारी जे हाताशी आहे ते धरून ठेवत होती, बघून घेत होती. आणि हा मूर्ख तिला सोडा पाजत होता!

तो डावीकडच्या पाकळीकडे डोळे लावून उभा राहिला. पड, पड, म्हणून त्याने मनात देवीचे पाय धरले. पंख्याचा वारा तरी लागावा. उजवी पाकळी हलली, घसरली आणि पडली. आईने जमिनीला डोकं टेकलं.

‘‘आये,’’ तो बाहेर येऊन म्हणाला, ‘‘तू माका सांगलंस कित्याक नाय?’’

‘‘तुका कित्याक भंय घालू? आता कौल झालो. डिचोलीक डोळ्यांचो दोतोर आसा, तो रविवारचो पण बसता. चल.’’

दवाखान्यात डॉक्टरांनी औषध घालून, दिवा लावून दोन्ही डोळे तपासले. त्यांचं बोलणं मऊ होतं. ‘‘आजी, मोतीबिंदू आहे, पण अगदी कोवळा. घाई नाही. तुम्हाला त्रास काय होतो?’’

‘‘माजो धाकटो पूत फोनार दिसना. चौकटी-चौकटी दिसता.’’

डॉक्टर हसले. ‘‘माझं तोंड दिसतं?’’

‘‘तुमचां दिसता. जरा धुकां दिसता.’’

‘‘मग आजी, नेट खराब असेल. डोळ्यांच्या दुखण्याने चौकटी दिसत नाहीत.’’

आता सुटका झाली, असं गौरेशला वाटलं. पण आईने मान ठामपणे हलवली. ‘‘नेट नाय. नेटाचां काम हो माजो थोरलो करता, फॅक्टरीचां सगळां नेट ह्याच्या हातात आसा. ह्यान बघून सांगल्यान, नेट बरां आसा म्हणान. हो चुकाचो नाय. म्हणान तर माका कळलां, माजेच डोळे.’’

डॉक्टरांनी गौरेशकडे पाहिलं. आईनेही पाहिलं, अभिमानाने. बोलायची वेळ हीच होती. आपल्या पोराच्या शब्दावर तिने स्वतःचे डोळे खोटे ठरवले होते! एवढा मान शंभूला कधी मिळाला होता? शरमेच्या मधोमध उभा असतानाही त्याच्या मनात हा हिशेब झालाच. ‘‘हो,’’ तो म्हणाला, ‘‘नेट ठीक आहे.’’

मग डॉक्टरांनी तरी काय करावं? आई हट्टाला पेटली होती, देवीने उजवी दिली होती. त्यांनी थेंब लिहून दिले आणि पुढच्या महिन्यातली शस्त्रक्रियेची तारीख दिली. परतीच्या वाटेवर आईचे हात पुन्हा कमरेला होते. गौरेशला ते चटके बसावेत तसे लागत होते.

घरी पोचताच तो मागच्या पडवीत गेला, फोनवर स्विचचं पान उघडलं आणि आईच्या खोलीच्या वायरीवरची मर्यादा काढून टाकली. एवढं सोपं होतं ते. संध्याकाळी शंभूचा फोन आला. आईने थेंब घालून घेतले, कदेरीवर बसली, आणि घाबरत घाबरत फोन डोळ्यांसमोर धरला.

‘‘शंभू! अरे, तुज्या दाढयेत पांढरे केस इले मरे!’’

ती हसत होती, रडत होती. फोनला बोट लावून त्याचे केस मोजायला लागली. देवी पावली म्हणाली, थेंब पावले म्हणाली, त्या दोतोराच्या हाताला गुण आहे म्हणाली. गौरेश दारात उभा होता. त्याचं नाव कुठेच आलं नाही, आणि येऊ नये हेच बरं होतं, तरी त्याला ते टोचलं. शंभूला काय झालं ते काहीच कळेना. आईने त्याला सगळं सांगितलं, डोळ्यांचं, नार्व्याचं, कौलाचं.

‘‘म्हणजे आता ऑपरेशन नको?’’

‘‘दोतोर म्हणालो घाई नाय. दिसता ना आता, मग बघूया. मी भियेललंय रे. तुजां तोंड परत दिसतलां काय नाय, एवढीच चिंता लागलेली.’’

‘‘आणि दादाचां तोंड?’’ शंभूने थट्टेने विचारलं.

‘‘गौरेशाक बघूक डोळे कित्याक होये?’’ आई म्हणाली. ‘‘तो हयसरच आसा. डोळे होये ते तुका बघूक.’’

इथेच असतो म्हणून त्याला बघायला डोळे नकोत, हे वाक्य गौरेशला काळजात घुसल्यासारखं लागलं. ह्यात आपलं कौतुक आहे की आपल्याला पुन्हा मागच्या रांगेत बसवलंय, हे त्याला ठरवता येईना. राग मात्र आला, अगदी लहानपणी यायचा तसा, चादरीवरून, खाऊवरून. स्वतःचा फोन त्याच्या हातात होता, त्यात स्विचचं पानही उघडं होतं. बोट वायरीच्या चौकटीवर जाऊन थांबलं. मग त्याने फोन खिशात टाकला, आणि शहाण्या मुलाने आजवर कधी तोंडातून काढलं नव्हतं ते काढलं.

‘‘आये, माज्याकडे बघ मगे जरा.’’

आवाज त्यालाच परका वाटला. आईने मान वळवली नाही. तिची नजर शंभूच्या दाढीवरच होती.

‘‘बघलंय रे. सकाळी घरातसून निघतानाच तुज्या शर्टाचो मदलो बुतांव तुटलेलो. देवळात तसोच उबो ऱ्हवलंस, दोतोराकडे पण. काड तो शर्ट, लावन दितंय.’’

गौरेशने खाली पाहिलं. मधलं बटण नव्हतं. तिथे धाग्याचा एक तुकडा लोंबत होता, आणि दिवसभरात त्याचं त्यालाही ते कळलं नव्हतं. त्याने शर्ट काढला, तिच्या मांडीवर ठेवला, आणि उघड्या अंगाने तिथेच, फोनमध्ये दिसणार नाही असा, तिच्या पायाशी बसला. आई शंभूला विचारत होती, आज जेवलंस काय.